ताबा कोण घेणार?

गेल्या पावसाळ्यात, पालख्या पुण्यातून पुढे गेल्याला चार-पाच दिवस झाले असतील, रात्री पावणेअकराच्या सुमारास एका हवालदारांचा फोन आला. बंदोबस्ताचा शीण आवाजात अजून होता. शहरातल्या एका एसटी स्थानकावर पन्नाशीच्या आसपासची एक बाई तीन दिवसांपासून फलाटाच्या टोकाला भिजत बसली होती, चहाच्या टपरीवाल्याने दिलेला पाव खात होती आणि कोणी जवळ गेले की पायातली चप्पल उगारत होती. तक्रार आल्यावर तिला ठाण्यात आणले होते. एवढे सगळे नीट सांगून झाल्यावर हवालदार म्हणाले, "ते सगळं ठीक आहे मॅडम, पण ताबा कोण घेणार तेवढं सांगा."

मी कर्वे समाज सेवा संस्थेतून समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेतली आणि गेली वीस-बावीस वर्षे मानसिक आजार असलेल्या लोकांच्या घरी जाणे, त्यांच्या घरच्यांशी बोलणे आणि दवाखाना, रेशन कार्यालय, बँक, पोलीस ठाणे अशा ठिकाणी त्यांच्यासोबत रांगेत उभे राहणे हेच काम करते आहे. त्यामुळे 'ताबा' हा शब्द मला नवा नव्हता. पोलिसांच्या कागदांत मुद्देमालाचा ताबा असतो, आरोपीचा असतो, बेवारस प्रेताचाही असतो. ताबा दिला की पावती मिळते आणि पावती मिळाली की काम संपते. आजारी माणसाचा मात्र ताबा घेता येत नाही, त्याची जबाबदारी घ्यावी लागते आणि तिची पावती कोणी देत नाही. पोलीस, मानसोपचार आणि समाजकल्याण या तीन यंत्रणांमध्ये गेली कित्येक वर्षे जी ओढाताण मी पाहते आहे, ती बरीचशी या एका शब्दाभोवती फिरते. (पुढे जे सांगते आहे त्यातले ओळख पटेल असे तपशील बदललेले आहेत.)

मी ठाण्यात पोहोचले तेव्हा ती बाई ठाणे अंमलदारांच्या टेबलासमोरच्या बाकावर, अंगाभोवती कोणाचा तरी रेनकोट गुंडाळून बसली होती. तिला कोठडीत ठेवले नव्हते, आणि हे त्या ठाण्याच्या बाजूने आवर्जून सांगायला हवे. स्टेशन डायरीत तिची नोंद 'वेडसर महिला' अशी झाली होती. या शब्दावर मी पूर्वी भांडत असे. आता आधी नोंद झाली आहे ना, हे पाहते आणि शब्दाचे नंतर बोलते. रात्रपाळीला एकच महिला अंमलदार होती आणि तिला त्याच वेळी दुसऱ्या एका प्रकरणात बसवून ठेवले होते. बाई मधूनच मान वर करून "याडी, याडी" असे म्हणत होती. हवालदारांना वाटले की ती यादी म्हणते आहे, म्हणजे रुग्णालयासाठी पोलीस जी मेडिकल यादी देतात ती. म्हणजे या बाईला पूर्वीही कधीतरी पोलिसांनी रुग्णालयात नेले असणार, असा त्यांचा तर्क होता. मीही तो खरा धरला.

कायदा याबाबतीत बराच स्पष्ट आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम १०० नुसार, आपल्या हद्दीत फिरताना आढळलेली व्यक्ती मानसिक आजारामुळे स्वतःची काळजी घेऊ शकत नाही, किंवा तिच्यापासून तिला स्वतःला वा इतरांना धोका आहे, असे मानायला कारण असेल, तर ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याने तिला संरक्षणाखाली घ्यावयाचे असते. का घेतले हे तिला, आणि तिला ते समजण्यासारखे नसेल तर तिच्या नामनिर्देशित प्रतिनिधीला (म्हणजे उपचारांच्या निर्णयात तिच्या वतीने उभ्या राहणाऱ्या माणसाला), सांगावयाचे असते. आणि शक्य तितक्या लवकर, पण फार तर २४ तासांत, जवळच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेत तपासणीसाठी न्यावयाचे असते. कोणत्याही परिस्थितीत तिला कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. दाखल करण्याची गरज नाही असे डॉक्टरांचे मत पडले, तर पोलिसांनीच तिला घरी, आणि घर नसेल तर बेघरांसाठीच्या शासकीय संस्थेत पोहोचवायचे असते. शिवाय अशा व्यक्तीची हरवल्याची नोंद करून तिच्या कुटुंबाचा शोध घेणे हेही ठाणे प्रमुखाचे कर्तव्य ठरवलेले आहे.

यापूर्वीच्या १९८७ च्या कायद्यात पोलीस अशा व्यक्तीला २४ तासांत दंडाधिकाऱ्यांसमोर उभे करीत आणि मग दंडाधिकारी मनोरुग्णालयात भरतीचा आदेश देत. त्याआधीच्या १९१२ च्या कायद्याचे तर नावच 'ल्युनसी', म्हणजे वेड, असे होते. २०१७ च्या कायद्याने पोलिसांचा रस्ता न्यायालयाऐवजी रुग्णालयाकडे वळवला आणि हा बदल मोठा आहे. मला खटकते ते एवढेच, की संरक्षणाखाली घेतलेल्या माणसाने ते २४ तास नेमके कुठे बसायचे, याचे उत्तर कोणत्याच ठाण्याच्या नकाशात नाही. कोठडी चालत नाही आणि दुसरी खोली नसते, म्हणून ठाणे अंमलदारासमोरचा बाक हीच या कायद्याची संरक्षित जागा झाली आहे.

रात्री साडेबाराला आम्ही एका सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात गेलो. तिथल्या तरुण डॉक्टरांनी रक्तदाब आणि साखर पाहिली, पायाच्या जखमेवर मलमपट्टी केली आणि मानसोपचारतज्ज्ञ सकाळी येतील, तोवर पेशंटला घेऊन जा, असे सांगितले. कुठे घेऊन जा, हे सांगितले नाही. या कायद्याच्या कलम ९४ प्रमाणे तातडीच्या प्रसंगी कोणताही नोंदणीकृत डॉक्टर मानसिक आजारावर ७२ तासांपर्यंत उपचार करू शकतो, त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञच असला पाहिजे असे नाही, हे मी त्यांना सांगितले. त्यांनी माझ्याकडे, मग हवालदारांच्या गणवेशाकडे पाहिले आणि म्हणाले, "नातेवाईक कोण? सही कोण करणार?" ठाण्यातलाच प्रश्न रुग्णालयाच्या भाषेत पुन्हा समोर आला होता.

त्या प्रश्नालाही कायद्यात उत्तर आहे, फक्त ते फार थोड्या लोकांनी वाचले आहे. ज्या व्यक्तीचे कोणीच सापडत नाही, तिच्यासाठी मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळ प्रतिनिधी नेमते, आणि योग्य माणूस न मिळाल्यास समाजकल्याण विभागाच्या संचालकांना किंवा त्यांनी नेमलेल्या व्यक्तीला ते काम देते. मंडळाची नेमणूक होईपर्यंत, या क्षेत्रात काम करणाऱ्या नोंदणीकृत संस्थेच्या माणसाला मानसिक आरोग्य तज्ज्ञ तात्पुरता प्रतिनिधी म्हणून घेऊ शकतो. कलम १४ मधली ही छोटीशी तरतूद आहे. मी आजवर ज्या सह्या केल्या, त्यातल्या बहुतेक या तरतुदीच्या आधारे केल्या आहेत. त्या रात्री मात्र तज्ज्ञच नव्हते, त्यामुळे सहीचाही प्रश्न सकाळवर गेला, आणि मी, हवालदार, एक चालक आणि ती बाई असे चौघे अपघात विभागाबाहेरच्या सिमेंटच्या कठड्यावर पहाटेपर्यंत बसलो.

त्या कठड्यावर हवालदारांनी जे ऐकवले ते मी कोणत्याही प्रशिक्षणवर्गात ऐकले नव्हते. अशा एका प्रकरणात ठाण्याची एक गाडी आणि दोन माणसे रात्रभर अडकतात. तेवढ्यात हद्दीत मारामारी झाली तर ११२ वर आलेल्या कॉलला उशिरा पोहोचल्याचा जाब त्यांनाच द्यावा लागतो. आणि सकाळी ड्यूटी संपवून घरी जाताना 'एक वेडी बाई पोहोचवली' याची कुठेच कामगिरी म्हणून नोंद होत नाही. ते चिडलेले नव्हते, हिशेब सांगत होते. पोलीस संवेदनशील नाहीत असे आम्ही संस्थांमधले लोक फार सहज म्हणतो. मला तर अनेकदा उलट दिसते, की रस्त्यावरच्या आजारी माणसाला पहिला चहा टपरीवाला देतो आणि दुसरा बीटवरचा पोलीस.

सकाळी आठला पाळी बदलली आणि महिला अंमलदार बदलीला आली. यवतमाळकडची, बंजारा समाजातली मुलगी. बाईचे "याडी" ऐकताच ती थबकली आणि तिच्याशी गोरमाटीत बोलू लागली. याडी म्हणजे आई. बाई यादी मागत नव्हती, आईला हाक मारत होती. पाच मिनिटांत तांड्याचे नाव कळले, अर्ध्या तासात जिल्हा कळला, आणि चप्पल उगारणारी ती बाई त्या मुलीच्या खांद्याला डोके लावून रडायला लागली. आम्ही सगळे रात्रभर कलमांचा विचार करीत होतो, त्यात माझाही पहिला क्रमांक होता, आणि तिला कोणती भाषा येते हे विचारायचे कोणाला सुचले नव्हते.

त्यानंतरचे काम तुलनेने सरळ होते. मानसोपचारतज्ज्ञ आले, मी तात्पुरती प्रतिनिधी झाले, दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासले आणि कलम ८९ खाली तिला मानसोपचार विभागात दाखल करण्यात आले. अशी भरती जास्तीत जास्त ३० दिवसांची असते आणि स्त्रीच्या बाबतीत तिची माहिती मंडळाला तीन दिवसांत द्यावी लागते. बाविसाव्या दिवशी तिचा भाऊ तिला न्यायला आला.

हे सारे जुळून आले ते यंत्रणेमुळे, असे मी प्रामाणिकपणे म्हणू शकत नाही. हवालदारांकडे माझा नंबर होता, मला त्या विभागातल्या परिचारिका ओळखत होत्या आणि पाळी नेमकी त्या मुलीची होती, म्हणून ते जुळले. पुण्यात तर माणसांची वाण नाही. या कायद्याच्या मसुद्याच्या कामात ज्यांचा सहभाग होता ते डॉ. सौमित्र पाठारे याच शहरात इंडियन लॉ सोसायटीच्या मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्राचे काम पाहतात, डॉ. जगन्नाथ वाणी यांनी सुरू केलेली स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन इथेच आहे. महाराष्ट्रातल्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक, २,५४० खाटांचे, येरवड्याला आहे. कारागृहही येरवड्यालाच असल्यामुळे 'तुला येरवड्याला पाठवू का' या पुणेरी धमकीचा नेमका अर्थ काय घ्यायचा, हे ऐकणाऱ्यावर सोपवलेले असते. आजार आणि गुन्हा यांची सरमिसळ आपल्या बोलण्यात किती जुनी आहे, हे त्या विनोदावरूनही कळावे.

ही सरमिसळ सहकार्याच्या नावाखालीही होते, आणि तिची मला जास्त भीती वाटते. काही वर्षांपूर्वी गणेशोत्सवाच्या आधी एका अधिकाऱ्यांनी आमच्या संस्थेला बोलावून, हद्दीत राहणाऱ्या आमच्या सर्व 'पेशंट्स'ची नावे आणि पत्ते मागितले. हेतू वाईट नव्हता. मिरवणुकीच्या गर्दीत काही घडले तर माहिती हाताशी असावी, एवढेच त्यांचे म्हणणे होते. पण अशी यादी एकदा ठाण्याच्या कपाटात गेली की ती तडीपारांच्या यादीशेजारीच राहणार, आणि पुढे गल्लीत चोरी झाली की पहिले दार त्यातल्याच कोणाचे तरी वाजणार. आजाराची माहिती गोपनीय ठेवली जाण्याचा हक्क कलम २३ ने दिला आहे; एखाद्या व्यक्तीकडून दुसऱ्याला इजा होण्याचा धोका असेल तर त्यापुरती माहिती देता येते, सरसकट नाही. मी नकार दिला. आमच्या अध्यक्षांना तो फारसा आवडला नाही, कारण उत्सवाआधी पोलिसांशी संबंध बिघडवणे कोणत्याही संस्थेला परवडत नाही. शेवटी आम्ही नावांऐवजी आमचेच दोन फोन नंबर दिले, आणि ज्यांच्या घरच्यांना स्वतःहून सांगायचे होते त्यांनी आपापल्या बीट अंमलदाराला भेटून सांगितले. माझ्या मते रीत हीच असायला हवी.

घरातल्या प्रसंगांचे गणित वेगळे असते. मुलगा औषध सोडतो, रात्रभर झोपत नाही, एके दिवशी वडिलांवर हात उगारतो. आई १०८ ला फोन करते, तिथून विचारतात की पेशंट हिंसक आहे का, ती हो म्हणते आणि मग पोलिसांना बोलवा असे उत्तर मिळते. ११२ वरून आलेले पोलीस दारात उभे राहून म्हणतात की गुन्हा दाखल करायचा असेल तर तक्रार द्या, नाहीतर हा दवाखान्याचा विषय आहे. मी अशा किती जिन्यांवर उभी राहिले आहे याची मोजदाद नाही. सोसायटीतले लोक दारे किलकिली करून पाहत असतात. गणवेश पाहून काही मुले खरोखर शांत होतात आणि काहींना, ज्यांना आधीच आपल्यावर पाळत आहे असे वाटत असते, त्यांना आपल्या भीतीचा पुरावाच मिळतो. साध्या कपड्यातला एक अंमलदार आणि सोबत त्या मुलाला नावाने हाक मारणारे एखादे माणूस, एवढ्याने अर्धे काम होते. पण साध्या कपड्यात जाण्याची परवानगी कोणाकडून घ्यायची, येथपासून अडचणी सुरू होतात.

आत्महत्येच्या प्रयत्नाबाबत कायदा बराच पुढे आला आहे. मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ११५ प्रमाणे असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असेच गृहीत धरायचे, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, असा प्रयत्न गुन्हा ठरवणारे दंड संहितेतले जुने कलम ३०९ राहिलेले नाही. लोकसेवकावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा कलम २२६ खाली गुन्हा आहे. तरीही रुग्णालयातल्या खाटेशेजारी जबाब घ्यायला आलेला अंमलदार "असं का केलंस?" हाच प्रश्न आधी विचारतो, आणि जबाबाच्या कागदाखाली टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा नंबर लिहून देणारा मला आजवर एकदाच भेटला.

यावर उपाय म्हणून दर वेळी पोलिसांना प्रशिक्षण द्या असे सुचवले जाते. कायद्याच्या कलम ३० मध्ये तशी तरतूदही आहे आणि मी स्वतः असे वर्ग घेतले आहेत. सभागृहात ऐंशी जण, समोर पडद्यावर आजारांची लक्षणे, मध्यंतरात चहा आणि वडा, आणि शेवटी निम्मे लोक स्वतःच्या घरातल्या कोणाबद्दल तरी हळूच विचारायला थांबलेले. त्या शेवटच्या पंधरा मिनिटांतच खरे प्रशिक्षण होते, असे माझे मत आहे. अमेरिकेत मेम्फिस शहरात १९८७ साली पोलिसांच्या गोळीने एक आजारी तरुण मेला, त्यानंतर १९८८ मध्ये तिथे निवडक पोलिसांना ४० तासांचे प्रशिक्षण देणारी योजना सुरू झाली आणि पुढे ती अनेक शहरांनी उचलली. पण तिचा गाभा वर्गात नव्हता, पोलिसांनी आणलेल्या माणसाला रुग्णालयाने विनाविलंब आत घ्यायचे, या करारात होता. इंग्लंडमध्ये उलट दिशेने विचार झाला. हंबरसाइड पोलिसांनी २०२० मध्ये, जिथे पोलिसांची गरज नाही तिथे पोलीस पाठवायचेच नाहीत असे धोरण घेतले आणि २०२३ मध्ये त्याचा राष्ट्रीय करार झाला. तिथेही त्यावर वाद आहेत. आपल्याकडे असे काही झाले तर पोलीस मागे सरकतील आणि त्यांच्या जागी पुढे येणारे कोणीच नसेल, म्हणून ती नक्कल आपण करू नये असे मला वाटते.

नमुना हवाच असेल तर तो आपल्याच दारात आहे. टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ साली मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला आणि प्रशिक्षित समाजकार्यकर्तीला पोलिसांच्या इमारतीतच खुर्ची दिली. छळ सोसून आलेली बाई पोलिसाच्या टेबलाइतक्याच अंतरावर समाजकार्यकर्तीलाही भेटू शकते, ही गोष्ट तेव्हा विचित्र वाटली असेल. पुढे हे कक्ष राज्याच्या जिल्ह्याजिल्ह्यांत झाले. पुणे पोलिसांचा भरोसा सेलही महिला, मुले आणि ज्येष्ठांसाठी समुपदेशन आणि पोलीस मदत एका छताखाली देतो. मानसिक आजाराच्या प्रकरणांसाठी मात्र अशी खुर्ची नाही. प्रत्येक ठाण्यात ती असावी, असा माझा हट्ट नाही. एका परिमंडळाला रात्रीही उपलब्ध असणारे दोन कार्यकर्ते, त्यांना सहीचा अधिकार, त्यांचा पगार कोणत्या तरी एका खात्याच्या अंदाजपत्रकात, आणि रुग्णालयाच्या अपघात विभागात त्यांच्या नावाची ओळख, एवढे झाले तरी त्या कठड्यावरच्या रात्री कमी होतील. आरोग्य, गृह आणि समाजकल्याण यांपैकी हा पगार कोणी द्यायचा, यावर मी तीन बैठका ऐकल्या आहेत. तिन्ही सौहार्दाच्या वातावरणात पार पडल्या.

जागेचा प्रश्न याहून अवघड आहे. बऱ्या झालेल्या, पण घर नसलेल्या लोकांना मनोरुग्णालयांतून भिक्षेकरी गृहांत आणि वृद्धाश्रमांत हलवण्याचा प्रकार महाराष्ट्रात झाला, आणि तो तात्काळ थांबवण्यास २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले. कर्जतला डॉ. भरत वाटवानी यांची श्रद्धा संस्था रस्त्यावरच्या आजारी लोकांना बरे करून घरी पोहोचवते, वढू बुद्रुकला माहेर संस्था निराधारांना आसरा देते. पण बेघरांसाठीची जी शासकीय संस्था कलम १०० ने गृहीत धरली आहे, ती शोधत पोलिसांची गाडी रात्री दोन वाजता निघाली तर कुठे थांबेल, हे मला अजून कोणी सांगितलेले नाही.

त्या बाईच्या भावाने जाताना मला औषधाची चिठ्ठी दाखवून विचारले की ही गोळी त्यांच्या तालुक्याला मिळेल का. मी तिथल्या आरोग्य केंद्रात चार फोन केले, दोन गोळ्यांपैकी एक मिळेल असे कळले, दुसरी मी दर महिन्याला पोस्टाने पाठवते. ठाण्यातली हरवल्याची नोंद नातेवाईक मिळून आल्याने बंद झाली. हवालदारांची नंतर वाहतूक शाखेत बदली झाली. एकदा चौकात दिसले तेव्हा त्यांनी हात केला. महिला अंमलदार आता मुख्यालयात आहे.

मागच्या आठवड्यात रात्री त्याच ठाण्यातून एका अनोळखी आवाजाचा फोन आला. "मॅडम, इथे ठाणे अंमलदाराच्या काचेखाली तुमचा नंबर लिहून ठेवलाय. तुम्ही नक्की कोणत्या खात्याच्या?" मी कोणत्याच खात्याची नाही, असे सांगितले आणि समोर आणलेले माणूस बाई आहे की पुरुष, जखम आहे का आणि ते कोणत्या भाषेत बोलते आहे, हे विचारायला घेतले.